तांत्रिक लेखनात 'फाइल्स' लिहावं की 'फाइली'? आणि 'फाइल(ली)' असा कंस चालतो का?

कंस नको. इंग्रजीत नामापुढे कंसात एस लावायची सवय गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही स्टाइल गाइडना पसंत नाही, आणि मराठीत तर ती जास्तच अंगाशी येते. आपल्याकडे नामाबरोबर विशेषण आणि क्रियापदही बदलतं. मी स्वतः एकदा 'निवडलेली(ल्या) फाइल(ली) हटवली(ल्या)' असा संदेश लिहिला होता. टेस्टिंगवाल्या सहकाऱ्यानं तो 'फाइलली हटवलील्या' असा मोठ्यानं वाचून दाखवला. त्या दिवसापासून कंस बंद.

अशा जागी वाक्यच फिरवायचं: 'निवडलेल्या फाइलींची संख्या: 1'. आकडा कितीही येवो, वाक्य मोडत नाही. प्रोग्रॅमरला सांगता येत असेल तर दोन वेगळे संदेश मागा, '1 फाइल हटवली' आणि '3 फाइली हटवल्या'. युनिकोडच्या सीएलडीआर नियमांत (कोणत्या भाषेत कोणत्या आकड्याला कोणतं वचन, हे सॉफ्टवेअरला सांगणारे नियम) मराठीसाठी असे दोनच प्रकार आहेत. अरबीला सहा लागतात, म्हणजे आपण सुखी. शून्यासाठी मात्र तिसरा संदेश हट्टानं मागून घ्या. '0 फाइली सापडल्या' असं कोण बोलतं? 'एकही फाइल सापडली नाही' म्हणतो आपण.

आता 'फाइल्स' की 'फाइली'. मी 'फाइली' लिहितो. शब्दाला मराठीत लिंग मिळालं की अनेकवचनही मराठीच होऊ द्यावं: फाइल-फाइली, बटण-बटणे. सर्व्हर पुल्लिंगी, म्हणून दगडासारखाच: एक सर्व्हर आला, चार सर्व्हर आले. 'सर्व्हर्स'मधल्या त्या 'स'चं काम क्रियापद आधीच करतंय. मेनू, विंडो यांचंही तेच.

खरी अडचण प्रत्यय लागताना येते. 'सर्व्हरवर अपडेट टाका' म्हणजे एकावर की सगळ्यांवर? 'सर्व्हरांवर' लिहिलं की प्रश्न मिटतो. तो अनुस्वार गाळू नका. पण 'एपीआय'चं (दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडणारी सोय) 'एपीआयंना' वगैरे मला बघवत नाही. तिथे 'प्रत्येक एपीआयला' लिहून एकवचनात निसटायचं. मॅन्युअलमध्ये 'प्रत्येक' हा शब्द फार उपयोगी पडतो.

कोडमधल्या नावाला तर प्रत्ययही लावू नये आणि त्याचं अनेकवचनही करू नये. स्ट्रिंग म्हणजे कोडमधला मजकुराचा प्रकार; तिथे 'स्ट्रिंगा' नव्हे, 'स्ट्रिंग प्रकारची मूल्यं'. एककांचंही तसंच: 5 मेगाबाइट, 'मेगाबाइट्स' नाही.

एक गंमत. 'दीड तास लागला', पण 'अडीच तास लागले'. दीडला आपण एकवचनी मानतो. सीएलडीआरच्या नियमात मात्र 1.5 अनेकवचनात जातं, त्यामुळे स्क्रीनवर '1.5 तास लागले' असं येईल. आकड्यात लिहिलेलं असेल तर ते मला खटकत नाही, तसंच राहू द्या.

आणि आदरार्थी अनेकवचन विसरू नका. 'वापरकर्त्यांनी पासवर्ड बदलावा' यात माणूस एक की अनेक, हे वाचणाऱ्याला कळत नाही. परवानग्यांबद्दलच्या प्रकरणात असा गोंधळ महागात पडतो. सूचना वाचणाऱ्यालाच असेल तर सरळ 'तुमचा पासवर्ड बदला' लिहा, आणि सगळ्यांबद्दल असेल तर 'सर्व वापरकर्त्यांनी'.