श्टुटगार्टला येताय? मग गप्पांची तयारी करून या

श्टुटगार्टला नोकरी लागली आहे, जर्मन ए-टू पातळीपर्यंत झालंय, व्हिसा-घर-विम्याचं सगळं वाचून काढलंय, पण तिथल्या माणसांशी बोलायचं कसं आणि ते हसतील का, असं विचारलंत. कागदपत्रांचं सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी फक्त बोलण्याचंच सांगतो.

इथे तुम्ही जे बोललात तेच तुम्हाला म्हणायचं होतं, असं समोरचा धरून चालतो. सगळी गंमत त्यातून होते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना जाता जाता "कसे आहात?" विचारलंत, तर ते पिशवी खाली ठेवतात आणि गुडघा, डॉक्टर, पुढची तारीख असं सगळं नीट सांगतात. ऑफिसात "एकदा कॉफीला भेटू या" म्हणा, समोरचा लगेच कॅलेंडर उघडणार. तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार, साडेचार, चालेल? "या की घरी कधीतरी" हे तर अगदी जपून. आपण ते निरोप घेताना म्हणतो, इथे त्यावर "कधी?" असा प्रश्न येतो. उलट तुम्ही जेवायला गेलात आणि मानापायी पहिल्यांदा "नको" म्हणालात, तर भांडं पुढे सरकतं. आग्रह होत नाही. भूक असेल तर सरळ "हो" म्हणा.

घर घेताना आमच्या घरमालकांचं भाडं आणि अनामतीवरचं बोलणं चटकन आटोपलं. मग ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, त्याआधी हीटर बंद करायचा, नाहीतर भिंतींना बुरशी येते. हँडल कसं फिरवायचं तेही करून दाखवलं आणि मग माझ्याकडून करून घेतलं. मी विचारलं, "बाहेर शून्याखाली असेल तेव्हासुद्धा?" ते शांतपणे म्हणाले, "तेव्हा तर पाचच मिनिटं पुरतात."

हा श्वाबियन मुलूख, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतला श्वाबेन भाग. बऱ्याच इमारतींत 'केरवोखे' असते, म्हणजे आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा-पुसायचा. पाळी आली की दाराला पाटी लटकते. पहिल्यांदा पुसून झाल्यावर शेजारच्या बाई कठड्याशी वाकून कोपरे बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "ओरडली नाही ना? मग कौतुकच केलं की." इथली म्हणच आहे तशी.

भारताविषयीचे प्रश्न ठरलेले असतात. लग्न आईवडिलांनी ठरवलं का, एवढं तिखट रोज खाता का वगैरे. चिडू नका, बहुतेकांना खरंच जाणून घ्यायचं असतं. "तुम्ही घरी इंडिश (म्हणजे 'भारतीय') बोलता का?" हा माझा आवडता. मी सांगतो, मराठी. कोणती तरी छोटी बोली असेल अशा चेहऱ्याने पुढचा प्रश्न येतो, किती लोक बोलतात? २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते आणि अख्ख्या जर्मनीची लोकसंख्या साधारण तेवढीच आहे. हे ऐकल्यावर जो विराम पडतो ना, तो बघण्यासारखा असतो. मग मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत हेही घाला. पुष्कळ श्टुटगार्टकरांनाच ते ठाऊक नसतं.

आपण मान डोलावतो त्यावर मात्र मीटिंग अडते. "हे हो होतं की नाही?" असं एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलंय. तेव्हा तोंडाने 'या' (हो) किंवा 'नाइन' (नाही) म्हणा. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी चुकूनही देऊ नका, अपशकुन मानतात. केक ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसात आणायचा, हे बजेटात धरा.

राहिला हसण्याचा प्रश्न. हसत नाहीत, दुरुस्त करतात. तुम्ही तापाने कसे फणफणला होता ते रंगवून सांगत असता आणि समोरचा मध्येच "दास फीबर" म्हणून 'ताप' या जर्मन शब्दाचं लिंग सुधारतो, मग म्हणतो, "हं, पुढे?" त्यात खवचटपणा नसतो. खरी अडचण वेगळीच. तुम्ही जरा अडखळलात की तरुण मंडळी इंग्रजीवर येतात. त्यांना स्पष्ट सांगा, जर्मनमध्येच बोलू या, सावकाश. ऐकतात. आजोबा-आजींचा तो प्रश्नच नाही, पण ते श्वाबियन बोलीत बोलतात आणि ती क्लासात शिकवत नाहीत. निघायच्या आधी बी-वन ही पुढची पातळी उरकता आली तर उरका.