देवाला सांगून झालं होतं, माणसाला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ख्रिस्ती आहात, लग्न झालेलं आहे, बारा-तेरा वर्षं पॉर्न बघायची सवय सुटत नाही. उपास, प्रार्थना, शपथा सगळं करून झालं. तर यातून बाहेर पडायला ख्रिस्ती पुस्तकं, अ‍ॅप, गट असं काही आहे का, आणि राग, खोटं बोलणं अशा अंगवळणी पडलेल्या पापांनाही तेच उपाय चालतात का?

मी पाळक नाही, समुपदेशकही नाही. सोळा वर्षं ही सवय होती, गेली सहा वर्षं बऱ्यापैकी मोकळा आहे. ‘बऱ्यापैकी’ मुद्दाम लिहिलंय, मधे दोनदा घसरलो.

साधनांची मला कधीच कमी नव्हती. प्रवचनं ऐकायचो, वचनं पाठ करायचो, चाळीस दिवसांचे उपक्रम करायचो, आणि ज्या फोनवर हे सगळं चालायचं त्याच फोनवर रात्री दुसरंही चालायचं. पुष्कळ उशिरा एक गोष्ट लक्षात आली. मी निवडलेल्या एकाही उपायात दुसऱ्या कोणाला काही कळण्याची गरज नव्हती. तसेच उपाय मी शोधत होतो. देवापुढे रोज रडायचो, ते रडणं खोटं नव्हतं. पण देवाला सांगणं मला सोपं जायचं, कारण तो कोणाला सांगणार नव्हता.

जर्मन पाळक डिट्रिश बॉनहोफर यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सहजीवना’वरच्या छोट्या पुस्तकात नेमकं इथेच बोट ठेवलंय. पवित्र देवासमोर पाप कबूल करणं आपल्याला आपल्यासारख्याच पापी भावासमोर कबूल करण्यापेक्षा सोपं का वाटतं, असं ते विचारतात. आणि मग शंका काढतात, की आपण देवाला सांगतोय असं समजून स्वतःलाच सांगत नाही ना, स्वतःच स्वतःला क्षमा करून टाकत नाही ना? पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडण्याचं कारण ते यात शोधतात. मी ते प्रकरण वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. चार महिने उघडलं नाही.

पुस्तक विचारलंत म्हणून सांगतो, सुरुवात त्याच प्रकरणापासून करा. पण त्याआधी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं ५:१६ हे वचन वाचा. आपल्याला १ योहान १:९ (आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) तोंडपाठ असतं, कारण त्यात आपण आणि देव एवढेच असतो. याकोब मात्र म्हणतो, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल.

जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस याने आत्मिक साधनेचं जे पुस्तक लिहिलं (ते १५४८ साली छापलं गेलं), त्यात सैतानाची चाल सांगताना एक दाखला आहे. एखाद्या चांगल्या घरच्या मुलीला फूस लावणारा माणूस जशी आपली बोलणी गुप्त राहावीत म्हणून धडपडतो, तसा सैतान वागतो. मुलीने वडिलांना सांगितलं की त्याचा डाव तिथेच फसतो, म्हणून ‘कोणाला सांगू नकोस’ ही त्याची पहिली अट असते. माझ्या डोक्यात ती अट किती वेगवेगळ्या शब्दांत बोलायची! ‘पाळकांना वाईट वाटेल.’ ‘संडे स्कूल शिकवणं बंद होईल.’ ‘आधी महिनाभर शुद्ध राहा, मग साक्ष म्हणून सांग.’ ही शेवटची तर फारच साळसूद.

आता सांगायचं कोणाला, हा खरा अवघड भाग. मी पहिल्यांदा चुकीच्या माणसाला सांगितलं. मंडळीतले एक वडीलधारे होते. दोन आठवड्यांनी माझी गोष्ट नाव न घेता, पण ओळखू येईल अशा बेताने, प्रार्थनासभेत ‘विनंती’ म्हणून मांडली गेली. पुढची दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. म्हणून सांगतो, पद बघू नका. तो माणूस दुसऱ्यांबद्दल तुमच्याकडे काय बोलतो ते बघा. जो इतरांची गुपितं तुमच्याजवळ उघडी करतो, तो तुमचं गुपित कुठे ठेवणार? आणि जो कधी स्वतःची एखादी हार सांगतो, त्याच्याकडे जा. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला सांगावं हे बरं. (हो, स्त्रियांनाही ही सवय असते. मंडळीत हा विषय फक्त पुरुषांच्या सभेत निघतो, त्यामुळे त्या बिचाऱ्या दुप्पट एकट्या पडतात.) कॅथलिक असाल तर पापनिवेदनाची वाट तयारच आहे. तिथे ऐकलेलं बाहेर फोडायला धर्मगुरूला सक्त मनाई असते. पण कबुलीजबाबापलीकडे, आठवड्याच्या मधे फोन उचलणारा माणूसही लागतो.

सांगताना गोलगोल बोलू नका. ‘विचारांशी झगडा चाललाय’ असं मी म्हणायचो. समोरचा म्हणायचा, ‘सगळ्यांचाच चालतो, भाऊ,’ आणि विषय संपायचा. काय बघता, किती वेळा, शेवटचं कधी, एवढं स्पष्ट सांगा. वर्णन नको, पण आकडा हवा.

माझी गाडी रुळावर आली ती तिघांच्या एका गटामुळे. आम्ही मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीची जुनी पद्धत उचलली. त्याने १७३८ साली ‘बँड’ म्हणून छोटे गट काढले आणि त्यांचे नियम लिहिले, तेही याकोब ५:१६ वरच उभे होते. आठवड्यातून एकदा भेटायचं आणि प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायचे. गेल्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं? कोणते मोह समोर आले? त्यातून सुटका कशी झाली? आणि पाप आहे की नाही अशी शंका येणारं काही बोललात, केलंत, मनात आणलंत का? मला यातला तिसरा प्रश्न फार आवडतो. त्यामुळे हिशेब फक्त पडल्याचा राहत नाही. बुधवारी रात्री एकटा असताना लॅपटॉप बंद करून मित्राला फोन केला, हेही कोणीतरी ऐकून घेतं. गटाला नाव नव्हतं, पुस्तिका नव्हती. पाऊण तास पुरायचा.

असा गट जवळ नसेल तर तयार गट आहेत. ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ हा उपक्रम १९९१ साली अमेरिकेतल्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झाला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या ‘...ते धन्य’ या वचनांवर त्याची आठ तत्त्वं बेतलेली आहेत. तिथे दारू, राग, वासना, इतरांना खूश ठेवण्याची ओढ, सगळेच येतात. ‘सेक्साहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हा वासनेच्या सवयीतून बाहेर पडू पाहणाऱ्यांचा गट बारा पायऱ्यांच्या वाटेने चालतो. तो ख्रिस्ती म्हणवत नाही, पण त्या पायऱ्या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ज्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमधून आल्या, ती संस्था १९३५ साली निघाली तेव्हा तिच्यावर ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीचा मोठा प्रभाव होता. पाचवी पायरी तर याकोबाचीच वाटते: आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवासमोर, स्वतःसमोर आणि दुसऱ्या एका माणसासमोर मान्य करायचं. यांच्या ऑनलाइन बैठकाही असतात.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. ‘कव्हेनंट आइज’सारखी अ‍ॅप तुमच्या स्क्रीनवर काय येतं त्याचा अहवाल तुम्ही नेमलेल्या माणसाकडे पाठवतात. उपयोग आहे, पण पलीकडे अहवाल वाचणारा माणूस असेल तरच. माझ्या पहिल्या जोडीदाराने सहा महिन्यांत एकही उघडला नव्हता. शिवाय आपल्या स्क्रीनचा तपशील दुसऱ्याकडे जातोय, हे समजून-उमजून लावावं. कोणावर लादू नये. फोनमधल्या बंधनांचा पासकोड मित्राकडे देणं, फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवणं, हे फुकटचे उपायही तितकेच कामाचे. हे कुंपण झालं. बायबलमधला योसेफ, मालकाच्या बायकोने धरलं तेव्हा, पोटीफराच्या घरातून वस्त्र टाकून पळाला, तिथे थांबून प्रार्थना करत बसला नाही, एवढं मला कुंपणाच्या बाजूने म्हणायचंय.

पुस्तकांत ‘एव्हरी मॅन्स बॅटल’चं नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. नजर तिथल्या तिथे वळवायची त्यातली सवय मला उपयोगी पडली. पण बायको म्हणजे नवऱ्याच्या वासनेवरचा उतारा असा जो सूर त्यात आहे, तो मला पटला नाही. पटू नये.

त्यापेक्षा चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनची ‘कबुलीजबाब’ वाचा, निदान आठवा भाग. ‘मला शुद्धता दे, पण आत्ताच नको,’ ही तरुणपणीची प्रार्थना त्याने स्वतःच तिथे नोंदवली आहे. ३८६ साली मिलानच्या बागेत लहान मुलाचा आवाज आला, ‘घे, वाच,’ आणि त्याने रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या बागेत त्याचा मित्र अलिपियस होता हे कोणी सांगत नाही. ऑगस्टीन रडायला थोडा बाजूला गेला, आवाज ऐकून परत मित्राकडे आला, तिथे ठेवलेलं पुस्तक उघडून वाचलं आणि मग त्याला ती जागा दाखवली. अलिपियसने पुढची ओळ वाचली, ‘जो विश्वासात दुर्बळ आहे त्याला जवळ करा,’ आणि ती स्वतःला लावून घेतली. दहाव्या भागात, बिशप झाल्यानंतरचा ऑगस्टीन कबूल करतो की जुनी चित्रं स्वप्नांत अजून येतात. हे वाचून मला केवढा धीर आला!

इतर पापांचं विचारलंत, तर इंग्लंडमधल्या जॉन ओवेन या प्युरिटन पाळकाचं १६५६ चं, पाप ठार मारण्यावरचं पुस्तक बघा. रोमकरांस ८:१३ वर आहे. भाषा जड, पण एक मुद्दा काळजाला लागतो. एखादं पाप आपली शांती घालवतं म्हणून तेवढंच मारायला निघालेल्या माणसाला यश येत नाही, कारण त्याला पापाचा राग नसतो, त्रासाचा असतो. माझं तसंच होतं. पॉर्नची लाज वाटायची म्हणून ते जायला हवं होतं, पण घरात मी ज्या तिरकस जिभेने बोलायचो तिच्यासाठी एकदाही उपास धरला नव्हता.

त्या जिभेसाठी मात्र इग्नेशियसचीच दुसरी रीत कामी आली. एकच दोष घ्यायचा. सकाळी उठल्यावर त्याबद्दल सावध राहायचा निश्चय, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर झडती, आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके कागदावरच्या रेषेवर. चुकलं त्या क्षणी छातीवर हात ठेवायचा, आजूबाजूच्यांना कळणारही नाही असा. खोटं बोलणं, राग, चहाडी यांना ही रीत चांगली लागू पडते, कारण ती पापं दिवसभर विखुरलेली असतात.

पॉर्नच्या बाबतीत मात्र मोजण्याने माझा घात केला. सत्तेचाळीस दिवस झाले होते. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी पडलो, आकडा शून्य झाला, आणि ‘आता शून्यच आहे ना’ म्हणून पुढचे तीन दिवस वाहून गेलो. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनी लोकांमध्ये हेच पाहिलं होतं. एकदा घसरल्यावर माणूस स्वतःला पूर्ण हरलेला ठरवतो आणि त्या निराशेतच मोठा पडतो. नीतिसूत्रे २४:१६ मधला नीतिमान सात वेळा पडतो आणि उठतो. माझा नियम आता एवढाच आहे, की पडलो तर झोपण्याआधी मित्राला कळवायचं. दुसरी फेरी बहुतेक तिथेच टळते.

बहुतेक वेळा भूक, राग, एकटेपणा किंवा थकवा यातलं काहीतरी घसरण्याआधी येतं. माझं दार थकव्याचं. रात्री अकरानंतर मी फार धार्मिक नसतो.

डॉक्टरांकडे जाण्यात विश्वासाची कमतरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, सक्तीच्या लैंगिक वर्तनाचा विकार नोंदवलेला आहे. पण केवळ नैतिक अपराधी वाटतं एवढ्यावरून तो विकार ठरत नाही, असंही तिथे म्हटलंय, तेव्हा ‘मी व्यसनी’ हा शिक्का स्वतःच मारू नका. काम, झोप, संसार यांवर परिणाम होत असेल, बालपणी अत्याचार झालेला असेल, बघण्याचं वळण बेकायदेशीर गोष्टींकडे जात असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर थांबू नका. दारू रोजची आणि जास्त असेल तर ती एकदम बंद करणंही डॉक्टरांच्या देखरेखीतच करा, ते जिवावर बेतू शकतं.

बायकोला सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाही. मला वाटतं, सांगायचं. आधी त्या विश्वासू माणसाशी बोला, मग फार दिवस न घालवता तिच्याशी. तुकड्यातुकड्याने सांगू नका, दर नव्या तुकड्याला आधीचा सगळा विश्वास पुन्हा मोडतो. तिला पहारेकरी करू नका. फोन तपासणं हे तुमच्या मित्राचं काम. आणि तिलाही बोलायला तिचं असं कोणीतरी लागेल, त्याला ‘घरची गोष्ट बाहेर गेली’ म्हणू नका.

माझी बायको त्या रात्री काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पहिला प्रश्न विचारला, आणि तो पॉर्नबद्दल नव्हता. ‘अजून काय काय लपवलंयस?’ एवढंच विचारलं. त्याचं पूर्ण उत्तर द्यायला मला आणखी एक आठवडा लागला, त्यात एक कर्ज होतं.