गोधडीचे कोपरे गोल होतात, चौकोनी कसे आणायचे?

तुम्ही लिहिलंय की बाळासाठी पहिल्यांदाच गोधडी शिवलीत, ३६ बाय ४२ इंचांची. आतले धावदोऱ्याचे टाके छान जमले, पण कडेला दुकानातली तयार उरेब (म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर कापलेली) पट्टी मशीनवर लावली तेव्हा चारही कोपरे गोल झाले आणि दोन तर फुगले. आता सगळं उसवावं का, असं विचारलंय.

सगळं उसवू नका. आधी चूक कुठे झाली ते सांगते, कारण माझी पहिली गोधडी नेमकी अशीच झाली होती. भाचीच्या बाळासाठी होती. तीनदा उसवली, कापडाला भोकं पडायला लागली, तेव्हा ती घेऊन नागपूरच्या महाल भागात आत्याकडे गेले. आत्याने कोपरा दोन बोटांत धरून चाचपला आणि म्हणाली, "तू पार टोकापर्यंत शिवत जाऊन राहिली, म्हणून गोल होऊन राहिला. त्याच्या आधी थांब ना!" मग तिने वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि वहीच्या कोपऱ्यावर मला घडी घालून दाखवली. ती घडी एकदा हाताला कळली की पुन्हा कधी चुकत नाही. म्हणून तुम्हीही आधी कागदावर करून बघा.

आता घडी. पट्टी लांबीत दुमडून दुहेरी केलेली आहे, तिची कापलेली कड गोधडीच्या कडेला लावून तुम्ही पुढच्या बाजूने शिवत येताय असं धरू. शिलाई कडेपासून जितकी आत आहे, तितकंच अंतर कोपऱ्याच्या आधी सोडून थांबायचं. शिलाई पाव इंच आत असेल तर पाव इंच, एक सेंटीमीटर आत असेल तर एक सेंटीमीटर. अंदाजाने नाही, खडूने खूण करून. या दोन अंतरांत फरक पडला की कोपरा बिघडतो. पुढे गेलात तर घडी उघडतच नाही आणि कोपरा गोल होतो, फार आधी थांबलात तर तिथे चुणी पडते. खुणेवर सुई खाली ठेवून मशीनचा दाब (कापड दाबून धरणारा पाय) उचला, गोधडी थोडी फिरवा आणि तिथून तिरकं, थेट कोपऱ्याच्या टोकावरून बाहेर पडेल असं शिवा. दोरा तोडा.

गोधडी वळवून पुढची कड समोर घ्या. पट्टी गोधडीपासून बाहेर, सरळ वरच्या दिशेला उचला. पट्टीची कापलेली कड आणि गोधडीची पुढची कड एका रेषेत आली पाहिजे. तिरक्या शिलाईवर आपोआप तिरकी घडी पडते, ती नखाने दाबा. आता पट्टी तशीच खाली आणा. वर जी घडी तयार होईल ती आत्ताच शिवलेल्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे, दोऱ्याएवढीही आत-बाहेर नको. टाचणी लावा आणि अगदी वरच्या कडेपासून पुढची शिलाई सुरू करा. कोपऱ्यावर पट्टीचा एक तिकोनी कान उभा राहिलेला दिसेल. तो कापायचा नाही. पट्टी मागे उलटली की त्याच कानातून समोरच्या बाजूला तिरकी, नेटकी रेघ येते.

मागच्या बाजूला एक कड आधी दुमडा, मग दुसरी तिच्यावर. कुठली आधी, हे अंगठ्याने चाचपून ठरवा. समोरच्या घडीची जाडी ज्या बाजूला पडलीय, तिच्या उलट बाजूला मागची पाडायची. दोन्ही जाड्या एकाच बाजूला आल्या की गाठ आल्यासारखा कोपरा लागतो, फुगतो तो बहुतेक याच्यामुळेच. मागची पट्टी हाताने हेमिंग करा आणि कोपऱ्याच्या तिरक्या घडीवर पुढून-मागून तीन-चार बारीक टाके घाला. बाळाच्या गोधडीला हे टाके हवेतच, नाहीतर घडीत बोटं अडकतात.

बरेच जण जाडी कमी व्हावी म्हणून कोपऱ्यातलं कापड छाटतात. पट्टी लावताना ते करू नका. आत भरलेलं कापड टोकापर्यंत असेल तरच कोपरा ताठ उभा राहतो, आतून रिकामा असेल तर दोन धुण्यांत लोळतो.

उरेब पट्टी मी सरळ कडांना वापरत नाही. ती ताणली जाते, तेच तिचं काम आहे, गोलाईला ती लागतेच. चौकोनी गोधडीला मात्र हात नवा असताना उरेब पट्टी नकळत ओढली जाते, मग कडा लाटेसारख्या होतात आणि कोपरे आत वळतात. पुढच्या वेळी सरळ धाग्यावर कापलेली सुती पट्टी घ्या. याच मापाला परीघ १५६ इंच आणि वर १२ इंच, म्हणजे १६८ इंच पट्टी हवी. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून चार पट्ट्या अगदी जेमतेम पुरतात, कारण तिरके जोड देताना प्रत्येक जोडाला दोन-अडीच इंच जातात. पाच कापा, प्रत्येकी अडीच इंच रुंद. अर्धा मीटर कापडात आरामात होतं. मी गांधीबागेतल्या कापडबाजारातून कटपीस आणते आणि शिवण्याआधी एकदा धुऊन घेते, नाहीतर पहिल्या धुण्याला पट्टी आटते आणि गोधडीच चुरगळल्यासारखी होते. दुहेरी साड्या, लुगडी घातलेल्या जाड वाकळेला (माझी आजी वाकळच म्हणायची) पट्टी तीन इंच आणि शिलाई एक सेंटीमीटर आत ठेवा. आजीच्या लुगड्याचा काठच पट्टी म्हणून लावायचा मोह मलाही झाला होता. पण काठाची वीण घट्ट असते, घडी बसत नाही. तो मधे कुठेतरी ठिगळात घ्या, तिथे शोभतो.

पट्टी कडेच्या मध्यावर सुरू करा, सहा-आठ इंच मोकळी सोडून. शिवण्याआधी ती चारही कडांनी नुसती फिरवून बघा, एखादा जोड नेमका कोपऱ्यावर येत असेल तर सुरुवात थोडी सरकवा. जोड आणि घडी एकत्र आली तर कितीही कौशल्य असलं तरी तो कोपरा जाडच होतो. आणि शिवताना गोधडी टेबलावर राहू द्या. खाली लोंबली की तिचं वजनच कड ओढतं.

एक गोष्ट बहुतेक कुणी तपासत नाही. गोधडीच मुळात चौकोनी आहे का? हाताचे टाके घालताना कापड आत ओढलं जातं, कडेला जास्त. दोन्ही कर्ण मोजा. तुमच्या मापाला दोन्ही सव्वापंचावन्न इंचांच्या आसपास आणि एकमेकांएवढे हवेत. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर पट्टी लावण्याआधी गुण्या (काटकोन मोजायची पट्टी) ठेवून कड सारखी कापा. वाकड्या कोपऱ्यावर सरळ घडी बसत नाही.

चार कोपऱ्यांसाठी एवढी मेहनत फार वाटली तर सांगते, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी फुलं शिवतात. त्यांच्याशिवाय गोधडी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. मला ते फार पटतं. गोधडी उचलताना, झटकताना, दोरीवर टाकताना हात कोपऱ्यालाच जातो.

तर उसवायचं किती? प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच, एवढंच. मधली सरळ शिलाई राहू द्या. उसवल्यावर दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढा, कड इस्त्रीने दाबा आणि वर सांगितलेली घडी घाला. गोल वळवताना पट्टी ओढली गेली असेल तर ती थोडी कमी पडेल. तेव्हा ओढून बसवू नका, फक्त त्या कडेची शिलाई मध्यापर्यंत उसवून तिथे दोन-तीन इंचांचा तुकडा जोडा. एकाच दिवशी चारही करायला बसू नका. पहिला करा, मागून-पुढून बघा, मग दुसरा.