थकलेले बिल आणि लघुवाद न्यायालय

प्रश्न : मी दादरला राहून भाषांतराची कामे करते. मुंबईतल्याच एका कंपनीला ऑगस्ट 2024 मध्ये माहितीपुस्तिकांचे भाषांतर करून दिले. 84,000 रुपयांचे बिल त्यांनी ई-मेलवर मान्य केले, त्यातून कापलेला आयकरही (टीडीएस) भरला. उरलेल्या रकमेबाबत मात्र ‘पुढच्या महिन्यात नक्की’ एवढेच फोनवर ऐकायला मिळते. रक्कम लहान असल्यामुळे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात दावा लावता येईल का?

उत्तर : या न्यायालयाच्या नावाने अनेकांची फसगत होते. 1882 च्या कायद्यानुसार चालणाऱ्या या न्यायालयात आज मुख्यत्वे घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात, आणि पैशांच्या दाव्यांची तेथील मर्यादा इतकी तोकडी आहे की आपली रक्कम तीत बसत नाही. आपला दावा नगर दिवाणी न्यायालयात जाईल. तेथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा संक्षिप्त दावा लावावा, कारण त्यात बचाव करण्याची परवानगीच प्रतिवादीला न्यायालयाकडे मागावी लागते, आणि बिल लेखी मान्य करून बसलेल्या कंपनीला ती मिळवणे जड जाते. दर ठरल्याचा ई-मेल, काम मिळाल्याची पोच, बिल आणि फॉर्म 26एएसमधील (आयकर खात्याकडील आपल्या करकपातीच्या उताऱ्यातील) नोंद सोबत जोडावी. टीडीएसने एकट्याने देणे सिद्ध होत नाही, परंतु कंपनीने आपले बिल स्वतःच्या हिशेबात धरले होते, हे त्यावरून दिसते. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागते.

तत्पूर्वी एक गोष्ट तपासावी. काम देण्याआधीच आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार, करारात काहीही लिहिलेले असले तरी, बिल 45 दिवसांपलीकडे थकवता येत नाही. थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. हा आकडा कंपनीला पाठवायच्या नोटिशीत मांडला की हिशेब विभागाला हरवलेले बिल पुष्कळदा एकाएकी सापडते.

दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि ती काम पूर्ण झाल्यापासूनच मोजलेली बरी. म्हणजे जुलै 2027 संपण्यापूर्वी दावा दाखल व्हावा. फोनवरच्या ‘पुढच्या महिन्यात’ने ही मुदत वाढत नाही. तेच आश्वासन मुदतीच्या आत लेखी आणि सहीनिशी मिळाले, तरच तेथून नवी तीन वर्षे सुरू होतात.