फ्रान्समधल्या सर्वांत छोट्या गावाची लोकसंख्या किती?

एक. द्रोम जिल्ह्यातल्या डोंगराळ रोशफूर्शा गावाची ही लोकसंख्या इन्से या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या जनगणनेत अनेक वर्षं दिसते आहे. तरीही कायद्याने ते गाव पूर्ण ‘कम्यून’ आहे, म्हणजे महापौर आणि परिषद दोन्ही आहेत! परिषदेचं सदस्य व्हायला गावात राहावंच लागतं असं नाही. तिथे स्थानिक कर भरत असलात तरी चालतं. मात्र आकडा फक्त कायम राहणाऱ्यांचा आहे, सुट्टीत येणारे त्यात नाहीत. शिवाय छोट्या गावांची मोजणी पाच वर्षांतून एकदाच होते. आणि काटेकोर बोलायचं तर शून्य लोकसंख्येची सहा गावंही आहेत: पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ च्या व्हर्दंच्या लढाईत उद्ध्वस्त झालेली, पण कागदोपत्री मुद्दाम जिवंत ठेवलेली.