अर्धवाहकातला ‘अर्ध’ म्हणजे किती?

प्रश्न असा आहे: मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. सेमीकंडक्टरला मराठीत अर्धवाहक म्हणतात, तर सिलिकॉन तांब्याच्या निम्मी वीज वाहून नेतो का? आणि काही ठिकाणी अर्धसंवाहक दिसतं, त्यातलं बरोबर कोणतं?

दुसऱ्याचं उत्तर सोपं. दोन्ही बरोबर. उष्णतेचं ‘वहन’ आपण शाळेपासून म्हणतो, म्हणून मला सुटसुटीत अर्धवाहक आवडतो. एसटीतला वाहक आठवला तरी संदर्भामुळे घोटाळा होत नाही.

‘अर्ध’ मात्र नीट बघायला हवा. अर्धशतकातला अर्ध मोजून पन्नास असतो. अर्धवट किंवा अर्धविराम यांतला अर्ध असा मोजता येत नाही. अर्धवाहकाला सगळ्यांत जवळचा शब्द व्याकरणातला अर्धस्वर: य, व हे धड स्वर नाहीत, धड व्यंजनं नाहीत, म्हणून त्यांना अंतस्थही म्हणतात. अर्धवाहक तसाच, वाहक आणि विसंवाहक (वीज जवळपास वाहू न देणारा पदार्थ) यांच्या मधला. निम्म्याचा तर प्रश्नच नाही, कारण शुद्ध सिलिकॉनची रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याचा गुण, तांब्याच्या दहा हजार कोटी पटींहून जास्त आहे!

पण नुसतं ‘मधला’ म्हणून भागत नाही. खरा गुण असा, की या पदार्थाचं वहन परिस्थितीप्रमाणे प्रचंड बदलतं. तांबं तापलं की रोध वाढतो. सिल्व्हर सल्फाइड तापवलं की वहन उलट वाढतं, हे फॅरेडेनं 1833 मध्येच नोंदवलं होतं. शुद्ध सिलिकॉनही असाच वागतो, कारण उष्णतेनं बंधातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्याहून मोठा बदल माणूस मुद्दाम घडवतो. सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घाला, रोधकता दहा लाख पटींहून जास्त उतरते. सिलिकॉनचे संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे शेजारच्या अणूंशी बंध जुळवणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन, चार; फॉस्फरसचे पाच. चार बंधांत अडकतात, पाचवा वीज वाहायला मोकळा. चिपचा सगळा कारभार या बदलावर उभा आहे, त्यामुळे व्याख्या पाठ करण्याआधी मुलीनं हे एक उदाहरण कागदावर मांडून बघावं.

असा दुसरा अणू घालण्याच्या क्रियेला, म्हणजे डोपिंगला, काही जण ‘भेसळ’ किंवा ‘अशुद्धी मिसळणे’ म्हणतात. मला ते पटत नाही. भेसळ लपूनछपून होते आणि मालाचा कस घालवते. इथे आधी सिलिकॉन कमालीचा शुद्ध करतात आणि मग मोजून हवा तेवढाच अणू घालतात. डोपिंगच म्हणावं, मराठीत तो शब्द रुळलाय.

बोरॉन घातला तर संयुजा इलेक्ट्रॉन तीनच, म्हणजे एका बंधात जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन तिथे येतो, त्याची जागा रिकामी होते, आणि ती मोकळी जागाच धनभारासारखी सरकत जाते. तिला होल म्हणा किंवा पोकळी म्हणा, ‘भोक’ मात्र नको. सिलिकॉनला छिद्र पडलेलं नसतं, फक्त एका इलेक्ट्रॉनची जागा भरायची राहिलेली असते.