न्यू जर्सीत घरामागच्या ओलसर कोपऱ्यात हमिंगबर्ड यावेत म्हणून कोणतं स्थानिक लाल फूल लावावं?

निःशंकपणे कार्डिनल फ्लॉवर लावा. पूर्व अमेरिकेत ते ओढ्याकाठी, दलदलीत आपोआप उगवतं आणि जुलै ते सप्टेंबर त्याला इतके लालभडक तुरे येतात की नजर हटत नाही. फुलाची नळी लांब आणि अरुंद असल्याने बहुतेक मधमाश्या तळाच्या मकरंदापर्यंत पोचत नाहीत, पण रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डची चोच सहज पोचते. तो मकरंद पिताना त्याच्या डोक्याला पराग लागतात आणि पुढच्या फुलावर जातात. जेमतेम 3 ग्रॅमचा हा जीव पुढे मेक्सिको, मध्य अमेरिकेपर्यंत उडत जातो. त्याआधी ही फुलं त्याला फार उपयोगी पडतात.

माती कोरडी पडू देऊ नका. पानगळीत रोपांवर साचलेला पाचोळा हटवा, नाहीतर बुडाची कोवळी पानं कुजतात. झाड विषारी आहे, लहान मुलांना जपा.